फळीवर दोनदा

१

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे कारागीर पत्ते खेळायचे आणि मी फोनवर जाहिराती बघायचो. जुने सोफे, जुन्या सायकली, जुने पाळणे, जुने कॉम्प्युटर. लोक काय काय विकतात ते बघितलं की वाटतं, सगळं जगच घर बदलतंय. कारागीर म्हणायचे, सातवीत शाळा सोडलेला गडी आता साहेब होणार. मी हसायचो. सोफ्याला कापड चढवणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर कशाला हवा, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मला एकच कॉम्प्युटर हवा होता. ताईचा. तो मीच विकला होता, ती गेल्यावर नवव्या दिवशी, कोणालाही न विचारता, गल्लीतून भंगार गोळा करत जाणाऱ्या टेम्पोवाल्याला. आई कामावरून आली तेव्हा टेबलावर धुळीचा चौकोन तेवढा उरला होता. तिनं तो पदरानं पुसला. तीन आठवड्यांनी, ताट वाढता वाढता म्हणाली, "त्यात तिचा आवाज होता रे." एवढंच. मग वाटीत पळी तशीच धरून उभी राहिली.

त्यानंतर महिनाभर शोधल्यावर तो दिसला. 'घरगुती कॉम्प्युटर, एकहाती वापरलेला, चालू स्थितीत. स्वतः येऊन न्यावा.' फोटो एकच, तोही हललेला. काळा डबा, आणि त्याच्या बटणावर लाल ठिपका. बटणातला दिवा गेला होता, म्हणून ताईनं नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. जगात दुसरं कोणी असा ठिपका देणारच नाही असं नाही. पण मी जेवण तसंच टाकून फोन लावला.

पलीकडे वयस्कर माणूस होता. मी म्हटलं, जाहिरात बघितली, कॉम्प्युटर आहे का अजून? फोन बंद पडला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला. मग तो म्हणाला, "आपण आधी बोललोय का कधी?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," तो म्हणाला. "या मग."

२

ताई अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायची. एक संस्था तिला शाळेची पुस्तकं पाठवायची, ती आवाजात भरून परत पाठवायची. आमच्या घराखाली गॅरेज, समोर रस्ता. त्यामुळे वाचायची जागा म्हणजे तिच्या खोलीतलं भिंतीतलं लाकडी कपाट, माणूस मांडी घालून बसेल एवढं. मी कारखान्यातून उरलेला फोम आणून ते आतून मढवून दिलं. भिंती, छत, बसायला दोन इंची गादी, दाराच्या कडेला पट्टी. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. दार इतकं घट्ट बसायचं की आतून खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. ताई म्हणाली, "खिळ्या, हातात कला आहे रे तुझ्या. डोक्यात तेवढा खिळा आहे." ती मला खिळ्याच म्हणायची.

कॉम्प्युटर बाहेर टेबलावर, माइकची वायर दाराला पाडलेल्या भोकातून आत. तिचे दोन नियम होते. वाचायच्या आधी एक मिनिट काहीच बोलायचं नाही, नुसती खोली भरून घ्यायची. मी म्हटलं, शांतता काय भरून घ्यायची, शांतता ती शांतता. तर म्हणाली, प्रत्येक खोलीची वेगळी असते. चुकलेलं वाक्य कापलं की तिथे भोक पडतं, त्यात त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला कळतं. आणि तिला ऐकणारी पोरं कानानंच बघायची.

दुसरा नियम, चुकलं की थांबायचं, बोटाच्या पेरानं फळीवर दोनदा वाजवायचं आणि तेच वाक्य पुन्हा वाचायचं. ती टकटक नंतर पडद्यावर उंच उभी दिसते, म्हणजे चूक शोधावी लागत नाही. बाहेर तिचा आवाज अजिबात यायचा नाही. फळीवरची टकटक मात्र लाकडातून, भिंतीतून पलीकडच्या खोलीत यायची. चांगल्या दिवशी चार-पाच वेळा.

ती गेली त्या दुपारी मी कामावर होतो, असं मी आईला सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं, संस्थेतल्या बाईंना सांगितलं. मी कामावर नव्हतो. आदल्या दिवशी मालकाशी भांडून आलो होतो आणि सकाळी त्यावरून ताईशी भांडलो होतो. पलीकडच्या खोलीत तोंड फुगवून लोळत होतो. साडेतीनच्या सुमाराला टकटक सुरू झाली. एकदा, पुन्हा, पुन्हा. मी लोळल्या लोळल्या ओरडलो, "ताई, आज काय चुकांचा मक्ता घेतलायस का?" आणि कूस बदलली.

तिला दमा होता. पंप टेबलावर राहिला होता. खिशात वाजतो म्हणून ती तो आत नेत नसे.

मी पाच वाजता दार उघडलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. ते थांबवलं तर पडद्यावर एक चौकोन आला, इंग्रजीत काहीतरी, खाली दोन बटणं. न वाचताच एक दाबलं. कोणतं ते मला आजही माहीत नाही.

म्हणजे त्या डब्यात एकतर काहीच नव्हतं, नाहीतर माझा आवाज होता. म्हणून विकला. वाटलं होतं, सुटलो. पण मग रोज वाटायला लागलं की कुठल्यातरी परक्या घरात तो डबा चालू आहे आणि कोणीतरी तो ऐकतंय. आईला तो हवा होता. मला तो आईच्या आधी हवा होता.

३

विकणाऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वच्छ, एका माणसाच्या. दाराशी चपलांचा एकच जोड, ओट्यावर एकच कप पालथा. कॉम्प्युटर खिडकीखाली टेबलावर होता आणि त्याखाली हिरवं कापड.

मी डब्याची डावी बाजू बघितली. वरच्या कोपऱ्यात पितळी स्क्रू, तिरका. मूळ स्क्रू मी हरवला होता, म्हणून सोफ्याचा बसवला होता. तो वाकडा जातोय हे दिसत असूनही मी दामटला होता, कारण ताई जेवायला हाका मारत होती. माझी घाई माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं, भंगारवाल्याकडून घेतला का? तो म्हणाला, छे, चार वर्षं झाली माझ्याकडे आहे. उघडलासुद्धा नाही कधी.

विकणारा खोटं बोलतो हे जगाला माहीत आहे. मी मनात म्हटलं, म्हण बाबा चार वर्षं. आणि डबा उचलला.

त्याखालचं कापड गडद हिरवं होतं. बाकी सगळं कापड उन्हानं उडून पिवळट झालेलं. मी कापडातला माणूस आहे. खिडकीखालचं कापड एवढं उडायला किती दिवस लागतात हे मला कोणी शिकवायला नको. दोन महिन्यांत नाही उडत. वर्षातही नाही. तीन वर्षं, चार वर्षं. आणि तेवढी सगळी वर्षं या डब्यानं तो चौकोन झाकून ठेवलेला होता.

मी डबा पुन्हा खाली ठेवला. का, ते माहीत नाही.

"याला दुपारी चालू करत जाऊ नका, म्हणजे साडेतीनला, म्हणजे..." तो थांबला. बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा वाजवलं. मग तेच वाक्य नीट म्हणाला, "याला दुपारी साडेतीनच्या सुमाराला बंद ठेवत जा."

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. त्यानंही स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"ही सवय मला आधी नव्हती," तो म्हणाला.

जाहिरातीत होती ती किंमत देऊन मी डबा उचलला, पडदा काखेत धरला. तो दारापर्यंत आला. माझ्यासाठी दार धरून उभा राहिला आणि अगदी हळू, वेळ विचारावी तसं, म्हणाला, "एकदा 'ताई' म्हणून दाखवता?"

मी त्याला बहिणीचं काहीच सांगितलं नव्हतं. मी जिन्यावर होतो तेव्हा वरून आवाज आला, "राहू द्या. कळलं."

४

आईला घरी आल्या आल्या डबा दिसला. ती लॉन्ड्रीत इस्त्री करते, संध्याकाळी तिच्या हातांना वाफेचा वास येतो. तिनं अंगठा त्या लाल ठिपक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग विचारलं, मिळाला कसा. मी म्हटलं, टेम्पोवाल्यानं एकाला विकला होता. थाप मारायला जीभ अडखळली नाही. जिभेला आता सवय झाली आहे.

"आवाज आहे ना त्यात?"

"बघतो. वेळ लागेल."

"मला नको शिकवू," आई म्हणाली. "तू नुसतं लावून दे. मी कपाटात बसून ऐकेन." मग टेबलावरून उगाच हात फिरवत तिनं विचारलं, त्या दिवशी तू कारखान्यातून कितीला निघालास रे? हे तिनं मला याआधी चार वेळा विचारलं होतं. मी पाचव्यांदा तेच उत्तर दिलं. तिनं मान हलवली. प्रत्येक वेळी हलवते तशीच.

५

दुसऱ्या दिवशी मी दुपारनंतर सुट्टी घेतली. आई यायच्या आत उरकायचं होतं. कॉम्प्युटर चालू केला. आत काहीच नव्हतं. पुस्तकं नाहीत, पत्रं नाहीत, ताईचे फोटो नाहीत. मला एकदम इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

मग एक पिवळी पेटी दिसली. तिच्यात एकाखाली एक, लांबच लांब यादी. इंग्रजी मला जमत नाही, पण आकडे सगळ्यांचे असतात. नाव म्हणून नुसती तारीख, पुढे लांबी. प्रत्येकाची एक मिनिट. तिची खोली भरून घ्यायची सवय. मी खाली खाली सरकत गेलो. ती गेली तो दिवस यादीत नव्हता. पण त्याच्या दुसऱ्या दिवसाचं मिनिट होतं. तिसऱ्या दिवसाचं होतं. नवव्या, दहाव्या दिवसाचं. रोजचं एक. सगळ्यात खाली आजची तारीख.

मी स्वतःला सांगितलं, घड्याळ बिघडलं असेल. जुन्या यंत्रांचं घड्याळ बिघडतं, कारखान्यातल्या हजेरीच्या यंत्राचंही बिघडलं होतं. तो म्हातारा रोज काहीतरी भरत असेल. एकटी माणसं काय वाटेल ते करतात.

मी एक लावलं. शांतता. पंख्याचा आवाज, आणि दर चौथ्या फेरीला एक बारीक ठक. आमचा पंखा करतो तशी. मोरीच्या नळाचा थेंब. खाली गॅरेजमध्ये कोणीतरी पाना टाकला. मी यादीत एक रविवार शोधला. त्या रविवारी दुपारी आईच्या हातून काचेची बरणी निसटली होती आणि ती तिथेच तुकड्यांत बसून ताईला हाका मारत रडली होती. मी ते मिनिट लावलं. पंखा, ठक, थेंब. मग काच फुटली.

तेव्हा हा डबा त्या हिरव्या कापडावर होता. मी आणखी लावली. आणखी. प्रत्येकात हीच खोली. आणि प्रत्येकाच्या शेवटाला, अगदी शेवटच्या दोन सेकंदांत, एक आवाज. पहिल्यांदा मला कळला नाही, कारण तो मी रोज ऐकतो. दोन इंची फोमच्या गादीवरून माणूस उठलं की गादी हवा आत ओढते. हळूच, लांब. दुसऱ्याला वाटेल कोणीतरी श्वास घेतला.

मी कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, तर साडेतीनला दोन मिनिटं कमी होती. उठून कपाटाच्या दारावर हात ठेवला. दार गार होतं, घट्ट होतं. ती गेल्यापासून ते कोणी उघडलंच नव्हतं.

मी उघडलं नाही. उशीर झाला असता. आई यायची होती. असं मी स्वतःला सांगितलं.

६

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. आई रोज विचारायची, सापडला का आवाज. मी म्हणायचो, शोधतोय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, संस्थेतल्या बाईंना बोलावते, त्यांना येतं सगळं. मग मात्र दुपारी काम टाकून घरी पळालो.

यादीत ती गेली त्या दिवसाची तारीख आली होती. आधी नव्हती, मी शपथेवर सांगतो. एक-एक मिनिटांच्या मध्ये एकच लांब, तीन तासांची.

पुसून टाकायची होती. कशी पुसतात ते एका मित्राकडून शिकून आलो होतो. पण मी तिचा आवाज दोन महिन्यांत ऐकला नव्हता. म्हटलं, थोडासा. सुरुवातीचा. मग पुसू.

एक मिनिट शांतता. मग ताई. भूगोलाचं पुस्तक, वाऱ्यांचा धडा. असा नीट, स्वच्छ आवाज, जसं काही ती मलाच समजावतेय. मी टेबलावर कपाळ टेकवून ऐकत राहिलो. कितीतरी वेळ. पुसायचं आहे हे विसरूनच गेलो.

"हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे..." ती अडकली. टकटक. "हवा जास्त दाबाकडून..." खोकला. टकटक. "हवा..." टकटक.

मग लांबून, भिंतीपलीकडून, मी. "ताई, आज काय चुकांचा मक्ता घेतलायस का?"

यापुढे काय आहे ते मला माहीत होतं. दीड तास काहीच नाही. मी थांबवायला हात पुढे केला.

टकटक. स्पष्ट, माइकच्या अगदी जवळ. आणि मी पुन्हा म्हणालो, "ताई, आज काय चुकांचा मक्ता घेतलायस का?"

मी ते एकदाच म्हणालो होतो.

टकटक. पुन्हा तेच वाक्य. या वेळी त्यात हसू कमी होतं. टकटक. पुन्हा. टकटक. पुन्हा. प्रत्येक वेळी तेच शब्द, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली. शिकवणी घेतात तसं. चुकलं, पुन्हा म्हण. मी पुढे सरकवून बघितलं. अर्ध्या तासानंतर मीच घोगरा झालो होतो. तासानंतर मी रडत होतो आणि तरी तेच म्हणत होतो. तिसऱ्या तासाच्या शेवटी आवाज इतका थकलेला होता की ओळखू येईना. मग ओळखला. आजचा होता, आत्ताचा.

टकटक.

मी वाट बघितली. आता काही आलं नाही. फक्त पंखा आणि चौथ्या फेरीची ठक. पडद्यावर बघितलं, तर रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं. आकडे थांबले होते.

पंखा खोलीतला होता. म्हणजे ती टकटकही.

७

"कोणाशी बोलतोयस?"

आई होती. माझ्या पाठीमागे, दारात. आज लवकर आली होती. मी वळलो नाही. पडद्याकडेच तोंड करून बसलो, पुसायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी जरा लवकर आलो होतो घरी."

टकटक.

मला वाटलं आईनं दार वाजवलं. रागानं, उलट्या हातानं. ती तसं करते.

"लवकर नाही," मी म्हटलं. "मी गेलोच नव्हतो. घरीच होतो. पलीकडे झोपलो होतो."

टकटक.

"झोपलो नव्हतो, जागा होतो. टकटक ऐकली मी. मला वाटलं ती चुकतेय वाचताना. रोज चुकायची ना. मला वाटलं..."

टकटक. वाक्य पुरं व्हायच्या आधीच.

मी मागे वळलो, आईला म्हणायला, की नको ना वाजवूस. आई दारात उभी होती. दोन्ही हातांत इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, छातीशी घट्ट धरलेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कपाटाकडे बघत होती.

मग मी म्हटलं. इतके दिवस जे मी मलाही सांगितलं नव्हतं ते. "चुकायला आधी वाचावं लागतं, आई. शेवटी टकटक नुसतीच येत होती, एकामागून एक, मध्ये थांबणं नाही. मध्ये एक वाक्य वाचायला वेळ लागतो, तेवढासुद्धा जात नव्हता. मला कळलं होतं. काहीतरी झालंय हे मला कळलं होतं. मी सकाळचा राग धरून होतो. म्हटलं, घेऊ दे जरा हाका मारून. मी ऐकलं आणि मी उठलो नाही."

मी थांबलो. टकटकीची वाट बघत थांबलो.

ती आली नाही. पंखा फिरत होता. नळाचा थेंब. खाली गॅरेजमध्येही कोणी काही पाडलं नाही. एक पूर्ण मिनिट असं गेलं, ती सुरुवातीला भरून घ्यायची तसं.

मग बंद दाराआड फोमनं हळूच, लांब हवा आत ओढली.

आईच्या हातातलं गाठोडं हललंसुद्धा नाही. तिचा आवाज अगदी साधा होता, गॅस बंद कर म्हणावं तसा.

"उघड," ती म्हणाली.

या वेळी मी उठलो.